आगीचा का मातीचा?

डोमाजी मेश्राम यांच्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही. विषय निघालाच तर "आमच्या नागपूरच्या ऑफिसात एक नमुना होता" अशी सुरुवात करायची, दोन-चार गमती सांगून मंडळींना हसवायचं आणि हसू ओसरायच्या आत विषय बदलायचा, हे मला चांगलं जमतं. नकला मला लहानपणापासून येतात. आता डोमाजी नाहीत, म्हणून एकदा नक्कल न करता लिहायचं ठरवलं आहे. त्यांचं बोलणं मात्र त्यांच्याच उच्चारात लिहावं लागेल. कारण जे घडलं ते त्या उच्चारामुळे घडलं, असं मी माझ्या सहीनिशी लिहून दिलेलं आहे.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी पुण्याहून बदली होऊन नागपूरच्या हवामान कार्यालयात अधिकारी म्हणून आलो. तिशीही गाठली नव्हती. आमच्याकडे उपग्रहाची चित्रं नुकती यायला लागली होती. वरच्या मजल्यावर एका खोलीत यंत्र होतं. दर तीन तासांनी ते कर्रकर्र करत एकेक ओळ काढत जायचं आणि कागदावर काळा-करडा हिंदुस्थान उमटायचा. त्यावर ढग कुठे आहेत ते बघायचं, एवढंच काम. त्यामुळे उन्हाळ्यात ती खोली म्हणजे आराम, असा सर्वांचा समज होता. ढगच नाहीत तर बघायचं काय?

डोमाजींना उन्हाळ्यातच जास्त काम असे. ते तिथले सर्वांत जुने निरीक्षक. उंच, वाळकुडे, एका खिशात लाल-निळी पेन्सिल आणि दुसऱ्यात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची पुडी. यंत्रातून कागद निघाला की ते त्याच्याकडे बघायचेच नाहीत. आधी गच्चीवर जायचे, चारही दिशांना तोंड करून उभे राहायचे, नाक वर करून वास घ्यायचे, मग खाली येऊन कागद हातात घ्यायचे आणि तोही उलटा धरायचे. हिंदुस्थान खाली डोकं वर पाय.

"उलटं काहून पाहता, मेश्रामबाबू?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. नागपूरला येऊन 'काहून' म्हणायला शिकलो, याचा मला फार अभिमान होता.

"सुलटं पाह्यलं तं देस दिसते, सायेब," ते म्हणाले. "उलटं पाह्यलं का डाग दिसते."

आणि खरंच दिसायचा. मला जिथे कागदाचा खराबपणा वाटे तिथे त्यांची निळी पेन्सिल थांबायची. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते डागाची कड काढून घेत. तीन तासांनी पुढचं चित्र आलं की त्याच ट्रेसिंगवर लाल रंगाने नवी कड. दिवसाअखेर त्या कागदावर लाल-निळ्या रेघांची एकात एक अडकलेली वेटोळी दिसत. डाग कुठून निघाला, कुठे सरकला, वारा कधी फिरला, सगळं त्यात असे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोणत्याही रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

आता त्यांच्या उच्चाराबद्दल. डोमाजी नागपूरजवळच्या कुहीकडचे. त्या बाजूच्या बोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी सरळ 'र' येतो. डोळा म्हणजे डोरा, सकाळ म्हणजे सकार, केळं म्हणजे केरं. त्यांच्या बायकोचं नाव कमळा, ते म्हणत कमरा. "कमरा कुहीलेच राह्यते," असं ते म्हणाले की ऑफिसातली हिंदी मंडळी विचारत, "कमरा छोड़ के यहाँ क्यों रहते हो?" आणि जन्मभर हवामान खात्यात काढलेला हा माणूस आभाळाला आभार म्हणायचा. "सायेब, आभार साफ आहे." मी हात जोडून म्हणायचो, "आभारी आहे." हा विनोद मी किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही, आणि ते प्रत्येक वेळी हसले.

धूर आणि धूळ हेही त्यांच्या तोंडी एकच. एकदा ते छप्पन सालच्या दीक्षेची आठवण सांगत होते. कुहीहून चालत आले होते, कडेवर थोरली मुलगी. "लाखो मानसं, सायेब. अन् पायाचा असा धूर उडला का समोरचा मानूस दिसे ना." मी विचारलं, आग कुठे लागली होती? ते क्षणभर गोंधळले, मग स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून हसले. लिहिताना मात्र त्यांची कधी चूक झाली नाही. रजिस्टरात ळ असेल तिथे ळ आणि र असेल तिथे र, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

माझ्या आधीच्या साहेबांनी यावर साधा उपाय काढून ठेवला होता. डोमाजींनी "धूर" म्हटलं की ऐकणाऱ्याने विचारायचं, "आगीचा का मातीचा?" चपराशापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे विचारत. ती त्या ऑफिसची रीतच होती. डोमाजींना तिची इतकी सवय झाली होती की "धूर आहे" म्हणून ते थांबत. समोरून प्रश्न आल्याशिवाय पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नसे.

दोन्हींतला फरक त्यांनी मला एका वाक्यात शिकवला. मी आल्यावरचा पहिलाच उन्हाळा. उत्तरेकडच्या डोंगरांवर चित्रात एक पुसट पट्टा होता. मी म्हटलं, विरळ ढग. डोमाजी म्हणाले, "धूर." मी रीतीप्रमाणे प्रश्न विचारला. "आगीचा. बूड पाहा ना सायेब. आगीच्या धुराले बूड असते. मातीच्या धुराले नसते." त्यांनी तीन ट्रेसिंग एकावर एक ठेवली. पट्ट्याचं शेपूट दर तीन तासांनी दुसरीकडे वळलं होतं, पण त्याचं टोकदार बूड जागचं हललं नव्हतं. "चुलीवानी. धूर घरभर हिंडते, चूल थोडी हिंडते?" मग म्हणाले, "संध्याकारी सहाले वारा फिरन. साताले गच्चीवर या." मी थट्टा म्हणून गेलो. सात वाजून पाच मिनिटांनी जळक्या पानांचा वास नागपुरात आला. गच्चीवर आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पुडी सोडून खर्रा तोंडात टाकला, एवढंच.

मातीच्या बाबतीत तर आमच्या कॉलनीतल्या बायका आकाशवाणीपेक्षा डोमाजींवर विसंबून असत. राजस्थानकडून धुळीची लाट आली की ते चपराशाला सायकलवर पिटाळत, "क्वार्टरमंदी सांगून ये, चार वाजाच्या आत वारवन काढा म्हना." माझी बायको नवी होती, तिने एकदा ऐकलं नाही. सवाचारला पिवळं अंधारून आलं आणि गच्चीवरचे दोनशे पापड मातीमोल झाले. दुसऱ्या दिवसापासून डोमाजी तिचे भाऊजी झाले. तिने त्यांना घरी जेवायला बोलवा म्हणून मला पाच-सहा वेळा तरी सांगितलं. मी बोलावलं नाही. काहीबाही कारणं सांगितली. खरं कारण काय होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि ते लिहायची लाज वाटते म्हणजे ते वाचकांनाही कळलंच असेल.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कल केली. लाल-निळी पेन्सिल, उलटा कागद, नाक वर. "आभार साफ आहे, सायेब! बारूची शारा सुटली!" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. डोमाजी दुसऱ्या रांगेत बसून डोळे पुसपुसून हसत होते. नंतर येऊन म्हणाले, "लय बेस केलं सायेब. मले तं आरसा पाह्यल्यावानी वाटलं." मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून गेले. तेव्हापासून डोमाजींचं प्रत्येक वाक्य मी आधी नक्कल म्हणून ऐकू लागलो.

त्यांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. बढती झाली की चित्रांच्या खोलीचे ते प्रमुख होणार आणि दारावर त्यांच्या नावाची पाटी लागणार. या पाटीचं त्यांना फार होतं. एकदा मला म्हणाले, "नातीले आनून दाखवीन. वाचता येते तिले." पाटीची लांबी-रुंदीसुद्धा त्यांनी सुताराला विचारून ठेवली होती.

मे महिना होता. तेंदूपत्त्याचा हंगाम. मी सकाळच्या अंदाजात धुळीचा इशारा दिला होता आणि मोठे साहेब त्यावर खूश होते. अकराच्या सुमाराला वनखात्यातून फोन आला. पूर्वेकडच्या जंगलावर आभाळ गढूळ दिसतंय, धूळ आहे की कुठे वणवा लागलाय, तुमच्या चित्रात काही कळतं का? मी म्हटलं, थांबा, आणि दुसऱ्या फोनवरून वरच्या खोलीत डोमाजींना विचारलं.

"धूर आहे, सायेब," ते म्हणाले आणि थांबले.

ते थांबणं मला अजून ऐकू येतं. माझ्या खोलीत कूलर चालू होता, समोर मोठे साहेब बसले होते. मी त्यांच्याकडे बघून डोळा मिचकावला, फोनवर हात ठेवून डोमाजींच्या आवाजात म्हटलं, "धूर आहे, सायेब!" मोठे साहेब हसले. मी फोनवर "बरं" म्हणून ठेवून दिला आणि वनखात्याला सांगितलं, "धूळ आहे. सकाळीच इशारा दिलाय आम्ही. काळजी नको."

विचारायचं राहिलं. वर जायला बावीस पायऱ्या होत्या, त्याही चढलो नाही.

जेवून अडीचला परत आलो तर टेबलावर पेपरवेटखाली ट्रेसिंग होतं. प्रश्न आला नाही म्हणून डोमाजी स्वतः खाली येऊन ठेवून गेले होते. निळी कड, लाल कड, दोन्ही एकाच ठिकाणी टोकाला आलेल्या, त्या टोकाला गोल आणि शेजारी त्यांच्या सुरेख अक्षरात: 'धूर. बूड येथे.' धूरचा र स्पष्ट होता.

वनखात्याला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण मोठे साहेब अजून तिथेच होते, वर्तमानपत्र वाचत. त्यांच्यासमोर "सकाळी चुकीचं सांगितलं" असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी मनाशी म्हटलं, पुढचं चित्र येऊ दे, खात्री करून घेऊ. ट्रेसिंग घडी करून खणात ठेवलं. पुढचं चित्र येईपर्यंत जंगलाच्या कडेचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, जळाला होता. माणसं पत्ता तोडायला गेली होती म्हणून वाचली. अकरा घरं गेली, दावणीला बांधलेली गुरं गेली.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हती. मी लेखी निवेदन दिलं. निरीक्षकाने कळवलेला शब्द 'धूळ' असा समजला गेला, सदर निरीक्षकाच्या उच्चारात 'ळ' आणि 'र' असा भेद नसतो, ही गोष्ट कार्यालयात सर्वांना माहीत आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. प्रश्न विचारायच्या रीतीबद्दल मी लिहिलं नाही. इतर कुणी बोललं नाही, कारण मोठे साहेब बोलले नाहीत. डोमाजींनी सांगितलं की साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला होता. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला मिळाला नाही. कूलरच्या वाऱ्याने उडाला असेल.

"असन," डोमाजी म्हणाले. "पेपरवेट ठेवाचा राह्यला असन माह्याच्यानं."

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, स्वतःशीच म्हणाले. त्या क्षणी मी खण उघडून कागद काढू शकलो असतो. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी उघडला नाही. शिवाय निवेदनाच्या शेवटी एक वाक्य जोडलं: निरीक्षकाची दीर्घ सेवा लक्षात घेता त्यांच्याबाबत सौम्य धोरण ठेवावे. स्वतःच्या चुकीबद्दल दुसऱ्याला माफी मिळावी अशी शिफारस करणारा माझ्याइतका उदार माणूस मला पुढे कुठे भेटला नाही.

डोमाजींना ताकीद मिळाली. बढतीच्या यादीतून नाव निघालं. त्यांना चित्रांच्या खोलीतून भांडारात बसवलं. उरलेलं दीड वर्ष त्यांनी तिथे थर्मामीटर आणि शाईच्या बाटल्या मोजत काढलं. जिन्यात भेटले की मला नमस्कार करत. बोलत मात्र फार कमी. मला वाटलं, रागावलेत. खरं सांगतो, तसं वाटल्यावर मला थोडं बरं वाटलं होतं. त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी मी रजा टाकली.

माझी पुण्याला बदली झाली. चार-पाच वर्षांनी कामानिमित्त नागपूरला आलो तेव्हा बायको म्हणाली होती, भाऊजींना भेटून या. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी ते ट्रेसिंग बरोबर घेतलं होतं. सगळं सांगायचं, कागद त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून कुहीच्या बसमध्ये बसलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. डोमाजी अंगणात खाटेवर होते. फार वाळले होते. मला बघून उठायची धडपड केली आणि आत हाक मारली. कमळाबाई पदर सावरत बाहेर आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला.

"हे तेच सायेब वं," डोमाजी म्हणाले. मग कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "यायनं मले वाचवलं. नाई तं नोकरी गेली होती, पेन्सन गेली होती. यायनं लिहून देल्लं का मेश्रामले सोडा म्हून."

कुणीतरी त्यांना माझ्या निवेदनाचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं होतं. फक्त शेवटचं.

"मेश्रामजी, तसं नाहीये," मी म्हटलं. "ऐका…"

"नाई सायेब, म्या पाप केलं, अन् तुमी झाकलं," ते म्हणाले. "म्या त्या टोल्यावर जाऊन आलो. हात जोडले त्यायले. म्हटलं, माह्या जिभेनं तुमचे घरं जारले." ते थांबले. गळ्याची शीर ताणली गेली. जीभ टाळूकडे नेऊन हळूच म्हणाले, "जाळले."

कमळाबाई म्हणाल्या, "रोज सकारी नातीजवर बसते. पाटीवर लिहून ते पोरगी म्हनून घेते यायच्याकडून. कोनासंगं बोलत नाई आता. बोलाआंधी इचार करते."

"जमते आता," डोमाजी म्हणाले. त्यांनी सरळ बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळे मिटले. "धूर," ते म्हणाले. श्वास घेतला. "धू… ळ." डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बराबर आहे ना, सायेब?"

माझ्या खिशात कागद होता. मी म्हटलं, "अगदी बरोबर."

कागद खिशातच राहू दिला. जेवलो. कमळाबाईंनी नव्या तांदळाची पिशवी बांधून दिली, तीही घेतली. नको म्हणायला तोंड नव्हतं. डोमाजी काठी टेकत बसथांब्यापर्यंत आले. उन्हात उभे राहू नका म्हटलं तरी ऐकेनात. बस आली, तेव्हा दारातल्या कंडक्टरला त्यांनी हात केला.

"सायेबाले," ते म्हणाले, "खिडकीजव…"

आणि अडले. गाडी खोळंबली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, कंडक्टर "बोल ना गा बुढ्ढ्या" म्हणत होता. डोमाजींनी घाई केली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून ते त्या अक्षराची वाट बघत उभे होते.